कथलाचं पाणी

तिसरं पातेलं भट्टीवर चढलं आणि कथील वेळेआधी पाणी झालं.

कांडी मी तळाला नुसती टेकवली होती. चांगलं कथील असं लगेच हो म्हणत नाही. ते आधी मान धरून बसतं, पाहायला आलेल्या पाहुण्यांसमोरच्या पोरीसारखं. भाता चालू ठेवावा लागतो, धीर धरावा लागतो, आणि मग एकाएकी त्याचा आरसा होऊन तळभर सांडतो. हे कथील टेकवता टेकवता ओघळलं. पहिल्या दोन पातेल्यांना मी निखाऱ्याला दोष दिला होता. वर नवसागराची चिमूट टाकली, तिचा पांढरा धूर झाला, कापसाचा बोळा फिरवला, तर चकाकी आली ती निळसर. शिळ्या माशाच्या डोळ्यासारखी.

“भाता थांबवा,” मी म्हणाले.

भात्यावर आमचे कारभारी होते. डाव्या हाताने ओढायचे. उजवा हात मनगटापासून खाली लोंबायचा, दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यासारखा. त्यांनी भाता थांबवला, माझ्याकडे पाहिलं, कांडीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या आधी त्यांना कळलं होतं.

ही गोष्ट मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षाची, टेंभी गावची. मी तेव्हा तिशीतली. बारा गावं आमची. वर्षातून एकदा प्रत्येक गावात जायचं, मारुतीच्या पारापुढे खड्डा खणून भट्टी लावायची आणि गावाच्या भांड्यांना कल्हई करायची. तांब्याच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, खाणारा ओकून ओकून आडवा होतो. म्हणून आतून कथलाचा थर. टेंभीची गावभांडी एकवीस. लग्न कुणाचंही असो, तेरावं कुणाचंही असो, शिजायचं ते याच पातेल्यांत. त्या वर्षी गावचे पुढारी आण्णासाहेब यांच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं, म्हणून त्यांनी कथील आपल्यातर्फे गावाला दान दिलं. परातीत कांड्या, वर हळदकुंकू, पुढे ताशा, असं ते पारावर आलं. दानाची कांडी वाकवून बघायची नाही, असा आमच्यात रिवाज. वाकवली म्हणजे देणाऱ्याच्या दानतीवर शंका घेतली. मी रिवाज पाळला. तिथे चुकले.

दुसरी चूक जन्माचीच. मी थापाडी. अजून आहे, नाही कशाला म्हणू. कल्हईवालीला थापा याव्याच लागतात. तळ तापेपर्यंत माणसं ताटकळत उभी असतात, त्यांना कशात तरी गुंतवावं लागतं. आणि कारभाऱ्यांचं मनगट हे माझं हक्काचं भांडवल होतं. पारगावात मी सांगितलं होतं, की विहिरीतल्या आसरांनी त्यात पाणी भरलं. वडाळ्याला सांगितलं, की एका गोऱ्या साहेबाच्या मडमेने तो हात हातात घेतला, तेव्हापासून तिच्या मानापायी तो वर उठलेला नाही. टेंभीत वाघ होता. वाघ रानात समोर आला, कारभाऱ्यांनी त्याला रामराम घातला, वाघानेही पंजा पुढे केला आणि जरा जोरात दाबला. टेंभीची माणसं दर वर्षी विचारायची, “वाघ केवढा व्हता?” आणि वाघ दर वर्षी हातभर वाढायचा.

अशा बाईने आता गावाला सांगायचं होतं, की आण्णासाहेबांच्या दानात शिसं आहे.

“काय झालं गं?” सोपान आचाऱ्याने पारावरून विचारलं. लग्नाचा स्वयंपाक त्याच्याकडे होता. भांडी कशी होतात ते बघायला सकाळपासून सुपारी कातरत बसला होता.

“कथील फार लवकर वितळतंय.”

“मग बरंच की. लवकर हात मोकळा.”

“शिसं मिसळलंय यात, सोपानदादा.”

त्याचा अडकित्ता उघडा तो उघडाच राहिला. त्याने डावीउजवीकडे पाहिलं आणि खाली वाकून म्हणाला, “झुंबर, हे तू बोलली न्हाईस आन् म्या ऐकलं न्हाई. कथील पोपटशेटच्या दुकानातलं हाय. आन् शेट ह्या घडीला आण्णांच्या वसरीवर च्या पितोय.”

“मग त्यालाच बोलव.”

“अगं, तिसरं पातेलं व्हत आलं तुझं. राह्यलेली उरक आन् चालायला लाग. कोण बघतंय आत वाकून?”

मी कारभाऱ्यांकडे पाहिलं. ते डाव्या हाताने उजव्या हाताचं एकेक बोट सरळ करत होते आणि ते एकेक बोट पुन्हा गळून पडत होतं.

“बोलव त्यांना,” मी म्हणाले.

आण्णासाहेब आले, पण एकटे नाही. पुढारी माणूस परसाकडेला निघाला तरी मागे चारजण असतात. शेजारी पोपटशेट, पांढरी टोपी, गालात पान. मागे ज्याला ज्याला काम नव्हतं तो प्रत्येक माणूस, म्हणजे जवळजवळ गाव.

“काय झुंबरबाई,” आण्णा हसत म्हणाले, “वाघ आला का काय पुन्हा?”

सगळे हसले. एरवी मीही हसले असते.

“आण्णा, ह्या कांड्यांत शिसं हाय. मी हे भांड्याला लावणार न्हाई. ज्या तिनाला लागलं ते पुसून काढते.”

शेटने पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. “बाई, वडिलांपासूनचं दुकान आहे माझं. आजवर एकाने बोट दाखवलं नाही.”

“बोट कसं दाखवतील, शेट? ज्याला लागतं त्याचं बोट उठत न्हाई.”

“बोलणं आवर,” आण्णा म्हणाले. हसू गेलं होतं. “शिसं आहे, तर दाखव.”

दाखवायला मी तयारच होते. माझ्या बोचक्यात माझ्या स्वतःच्या कथलाची एक कांडी होती. तिचा एक तुकडा तोडला, दानाच्या कांडीचा तेवढाच दुसरा घेतला, आणि भट्टीवर लोखंडी तवा ठेवून दोन्ही त्यावर मांडले. एक या कडेला, एक त्या कडेला.

“नीट बघा,” मी ओरडून सांगितलं. “जो आधी पाणी व्हईल तो खोटा.”

कारभाऱ्यांनी भाता ओढला. माणसं वाकली. तवा तापला, त्यावर पडलेली हळद करपली, आणि शेटच्या तुकड्याच्या कडा गोल व्हायला लागल्या. मग तो खचला, त्याचा टपोरा थेंब झाला आणि तव्यावर इकडून तिकडे पळायला लागला. माझा तुकडा ताठ पडून होता, सासुरवाडीला आलेल्या पहिल्या जावयासारखा.

“बघितलं?” मी म्हणाले.

शेटने पान थुंकलं. घाई केली नाही. “आण्णा, तुमच्याकडे साजूक तूप आहे ना घरचं?”

“आहे की.”

“तळहातावर घेतलं की काय होतं त्याचं?”

“पातळ होतं.”

“आणि डालडा?”

“तो बसतो तसाच.”

“मग मला सांगा,” शेट गावाकडे वळून म्हणाला, “खरं कोणतं, जे आधी वितळतं ते, की नंतर?”

गाव खदखदून हसलं. “झुंबरचं कथील डालड्याचं,” कुणीतरी म्हणालं, आणि ते पाराच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं. तुपाचा हा दाखला मला जन्मात सुचला नव्हता. थापाड्या माणसाला दुसऱ्याची थाप वासावरून कळते, आणि ही तर फार सुबक होती. मनातल्या मनात मी त्याला दाद दिली. वेळ निराळी असती तर शिकून घेतली असती.

“झालं समाधान?” आण्णा म्हणाले. “आता काम उरक. पोरीचं लग्न तोंडावर आलंय, मला इथे अपशकुन नको. चुकलं असेल तर दोन टिपं गाळ, पाया पड, मी विसरून जातो.”

“आण्णा, माझा धंदा नवसागराचा,” मी म्हणाले. “त्याच्या खड्याचा सरळ धूर व्हतो. मधी पाणी व्हत न्हाई.”

आणि मी परातीतली एक अख्खी कांडी उचलली, हळदकुंकवासकट.

“झुंबर, वाकवू नगंस,” सोपान म्हणाला.

मी आधी माझी कांडी आण्णांच्या कानाशी नेली आणि वाकवली. ती कुरकुरली. दाताखाली वाळू यावी तसा चुरचुर आवाज, बारीक, पण स्पष्ट. आण्णा दचकून मागे झाले.

“कथील वाकवलं की रडतं,” मी म्हणाले. “निर्मळ असलं तर. आता तुमचं ऐका.”

दानाची कांडी वाकवली. मेणासारखी वाकली. आवाज नाही. पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली. काही नाही.

“शिसं मुकं असतं.”

क्षणभर वाटलं, जिंकले. पण शेट तयारीचा होता. “आण्णा, ज्या बाईचा वाघ दर वर्षी हातभर वाढतो, तिची कांडी आज रडायला लागली. उद्या पातेली ओव्या म्हणतील.”

पुन्हा हसणं. त्यांचं तरी काय चुकलं? दहा वर्षं मीच त्यांना शिकवलं होतं, की झुंबर बोलायला लागली की हसायचं.

आण्णा हसले नाहीत. कांडीचा आवाज त्यांच्या कानात राहिला असावा. त्यांनी विचारलं, “तुझ्याशिवाय दुसरं कुणी आहे का, हे सांगणारं?”

सोपान सुपारीकडे बघत होता. बाकी कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

दुसरं माणूस होतं. ते भात्यापाशी बसलं होतं, आणि त्याच्याकडे न बघता मी दहा वर्षं काढली होती. मी गेले, त्यांचा उजवा हात कोपराशी धरला आणि सगळ्यांना दिसेल असा वर उचलला. पंजा खाली लोंबला.

“हाय,” मी म्हणाले. “म्हाळू.”

बाया पदर तोंडाशी घेऊन कुजबुजल्या. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात, लग्नामुंजीत, लाजत. भर दिवसा, पारापुढे, उघडं नाव कुणी घेतलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं.

“ह्या म्हाळूचा हात वाघानं धरला न्हाई. लगीन झालं तवा ह्याच हातानं ह्यो माणूस भरलं पातेलं एकट्यानं उतरवायचा. मग कुणी तरी ह्याला शिसं मिसळलेलं कथील दाखवलं. दुकान कुठलं ते इचारू नका. शेट, तुम्ही तर नकाच इचारू. लवकर वितळतं, झरझर पसरतं, दोन दिसाचं काम एका दिसात. सहा वर्षं ह्यानं त्याचा धूर तोंडावर घेतला आन् त्याच हातानं भाकर खाल्ली. आधी पोटात कळा. मग हिरड्यांवर निळी रेघ. मग एका सकाळी सांडशी हातातून पडली, ती पुन्हा धरता आली न्हाई. जिल्ह्याच्या डॉक्टरनं हिरड्या बघूनच सांगितलं, हे शिसं.”

कारभाऱ्यांनी कुणी न सांगता ओठ वर उचलला. पुढे उभ्या असलेल्यांना ती रेघ दिसली. पेन्सिलीने ओढल्यासारखी.

आता कुणी हसत नव्हतं. आण्णांनी त्या लोंबत्या पंजाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “ते कथील लावत कुठे होता हा?”

इथे मला थाप मारता आली असती. एक सोडून दहा तयार होत्या. दूरचं गाव, दुसरा जिल्हा, मरून गेलेला मालक. आणि मग मला कळलं, की आजवरच्या सगळ्या थापा मी या एका प्रश्नाला भिऊनच मारल्या होत्या.

“बाराही गावांत,” मी म्हणाले. “टेंभीत ह्याच एकवीस पातेल्यांना.”

आधी कुणाला उमगलं नाही. मग उमगलं.

“म्हणजे आम्हाला शिसं खाऊ घातलं तुम्ही?” मागून एकजण पुढे घुसला. “आन् वर वाघाच्या गोष्टी सांगितल्या?”

“व्हय. तुम्ही हे इचारू नये म्हणूनच सांगितल्या.”

त्याने शेजारची पाण्याची घागर लाथाडली. सगळं पाणी भट्टीत गेलं. फस्स करून वाफेचा एवढा लोट उठला, की पार दिसेना, मारुती दिसेना, माणसं खोकत मागे हटली. त्या वाफेतून कारभाऱ्यांचा आवाज आला. गावात ते कधी बोलत नसत. वाघ बोलायचा, मडम बोलायची, ते नाही.

“ती खरं बोलती. पयल्या साली मला ठावं नव्हतं. दुसऱ्या सालापासनं ठावं व्हतं.”

वाफ विरली तेव्हा आण्णांचा चेहरा दगडाचा झाला होता. “उठा,” ते म्हणाले. “सामान बांधा. टेंभीत पुन्हा पाय ठेवायचा नाही.”

“ठेवणार न्हाई. पण तीन पातेली पुसल्याबिगर हलणार बी न्हाई.”

“मी काय सांगतोय?”

“ऐकलं की, आण्णा. हाकलायचं असंल तर माणसं लावून उचला. मी आपली भट्टी पेटवते.”

त्यांनी माणसं लावली नाहीत. का नाही, मला आजही माहीत नाही. मी खड्ड्यातला ओला कोळसा उपसला, कोरडा भरला, फुंकून फुंकून निखारा धरवला. पहिलं पातेलं चढवलं. कारभारी भात्याकडे सरकले तर सोपान पारावरून उतरला, अडकित्ता खिशात घातला आणि म्हणाला, “तुमी बसा. आज मी वढतो.” लग्नाचा आचारी कल्हईवालीचा भाता ओढतो, हे टेंभीने त्या दिवशी पाहिलं.

लावलेली कल्हई उतरवताना बघणारे थोडे. भांडं तापतं, ती निळसर चकाकी आधी मळभ आल्यासारखी होते, मग थरथरते, मग तिचं पाणी होतं. ते बोळ्याने गोळा करायचं आणि मातीत झटकायचं. पडल्या पडल्या त्याच्या टिकल्या गोठतात. तीन पातेल्यांच्या टिकल्या मी त्याच खड्ड्यात टाकल्या, वर कोळसा, वर माती. आतून तांबं उघडं पडलं, खरडलेल्या गुडघ्यासारखं लाल.

माझी जी कांडी उरली होती, तिच्यात एकच पातेलं होणार होतं. “आंबट कशात करतोस?” मी सोपानला विचारलं. त्याने चिंचेच्या साराचं दाखवलं. तेवढं एक मी मनापासून केलं. त्यात तोंड बघावं असं.

सामान बांधत होतो तेव्हा पाठीमागे सगळं शांत झालं. वळून पाहिलं. आण्णासाहेब परातीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी एक कांडी उचलली, कानाशी नेली, वाकवली. खाली ठेवली. दुसरी उचलली. वाकवली. तिसरी. गाव श्वास धरून ऐकत होतं, आणि ऐकायला काही नव्हतं. शेवटची कांडी ठेवून आण्णा उठले, फेट्याच्या शेवाने बोटांची हळद पुसली आणि परात पोपटशेटच्या पुढे पायाने सरकवली.

“घेऊन जा,” ते एवढंच म्हणाले.

आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. हुकूमही मागे घेतला नाही. वेशीबाहेर पडेपर्यंत कुणी रामराम घातला नाही.

ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली आम्ही ओझी उतरवली.

“नाव घेतलंस,” कारभारी म्हणाले.

“घेतलं.”

“बिनउखाण्याचं.”

“जुळवायला वेळ कुठं व्हता?”

ते हसले. खूप दिवसांनी हसले, म्हणून निळी रेघ दिसली. मग डाव्या हाताने उजवा पंजा उचलून मांडीवर ठेवला, एखाद्याचं झोपलेलं मूल ठेवावं तसा.

“अजून अकरा गावं हायत, झुंबर. आन् तू समद्या गावांत हे सांगणार, मला दिसतंय.”

“सांगणार.”

“पटायचं न्हाई कुणाला. समदं एकदम खरं गावाला पचत न्हाई. चवीपुरता वाघ घाल.”

माझ्या मुठीत कांडीचा बोटभर तुकडा राहिला होता. मी तो त्यांच्या कानाशी नेला आणि वाकवला. रडला.

“न्हाई,” मी म्हणाले. “मिसळ न्हाई.”